थंडी सोसणारी केळ म्हणून भलतंच रोप गळ्यात मारतात

हिवाळ्यात दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं, माती गोठते, आणि तरीही परसात केळीची मोठी पानं, पंख्यासारख्या झावळ्यांचा ताड, कर्दळ, सोनटक्का असं काहीतरी हिरवंगार हवं असतं, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. या हौसेवर डल्ला मारणारे ऑनलाइन विक्रेते आहेत. त्यांची रीत इतकी बेमालूम असते, की फसवणूक कळेपर्यंत वर्ष उलटून जातं आणि दाद मागायची मुदतही संपलेली असते. माझ्या बाबतीत हेच झालं.

थंड हवामानात जमिनीतच ठेवून हिवाळा काढेल अशी केळ म्हणजे मुख्यतः मुसा बास्जू. ती 'जपानी केळ' म्हणून विकली जाते, पण मूळची दक्षिण चीनची. पहिल्याच दहिवरात तिची पानं काळी पडतात, कडाका वाढला की खोडही जातं. पण जमिनीखालचा कंद पालापाचोळ्याच्या जाड आच्छादनाखाली उणे १२ अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी सोसतो आणि वसंतात नवा पोंगा वर काढतो. तिची फळं बियांनी भरलेली, खाण्याजोगी नसतात. पानांच्या डौलासाठीच ती लावायची. ताडांमध्ये असा भरवशाचा म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी. मी ही दोन्ही रोपं मागवली होती.

मी नुसत्या फोटोवर विसंबले नव्हते. विक्रेत्याला शास्त्रीय नाव विचारलं होतं. 'मुसा बास्जूच आहे, जमिनीत हिवाळा काढते' असं लेखी उत्तर आलं, पावतीवरही तेच नाव होतं. म्हणूनच हे सविस्तर सांगते आहे, कारण 'शास्त्रीय नाव विचारून घ्या' हा नेहमीचा सल्ला इथे पुरला नाही.

आलेलं रोप अगदी तजेलदार होतं. ही मंडळी सुकलेलं, किडकं काही पाठवत नाहीत. उबदार हरितगृहात खतपाण्यावर वाढवलेलं, बघताक्षणी आवडेल असंच रोप पाठवतात. मात्र दोन गोष्टी खटकल्या. पान उलटं करून पाहिलं तर मधली शीर देठापासून टोकापर्यंत गर्द लाल होती. आणि खोड तळाशी कांद्यासारखं फुगलेलं होतं. मुसा बास्जूची शीर हिरवट, खोड सडपातळ. फोटो काढून पाठवले, तर 'लहानपणी अशीच असते, मोठी झाली की हिरवी होते' असं उत्तर आलं.

उन्हाळाभर ती जोमाने वाढली, पण बुडाशी एकही मुनवा, म्हणजे कंदातून येणारं नवं पिल्लू, फुटला नाही. शरद संपता संपता विक्रेत्याच्याच सूचनेप्रमाणे खोड कापून वर पाचोळ्याचा ढीग रचला. वसंतात माती तापली, शेजारच्या कर्दळीने मान वर काढली, केळीच्या जागी मात्र काही हालचाल नाही. पाचोळा सारून खणलं तर कंद असा उरलाच नव्हता. बोट लावलं की आत जाईल असा तपकिरी, आंबूस वासाचा लगदा होता.

ती एन्सेटे व्हेंट्रिकोसम होती, तिचा लालसर पानांचा प्रकार. केळीच्याच कुळातली, पण आफ्रिकेतली निराळी वनस्पती. सहसा ती मुनवे काढत नाही, आणि गोठणारी थंडी तिला सोसत नाही. दहिवराच्या आधी उपटून, पानं छाटून, घरात कोरड्या आणि न गोठणाऱ्या जागी ठेवली तर ती पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते. म्हणजे मला खरं नाव कळलं असतं तर ते सुंदर झाड आजही जिवंत असतं. ओल्या मातीत पाचोळ्याखाली ठेवणं ही बास्जूची निगा, एन्सेटेला ती मारक. खोटं नाव देणारा माणूस पैसे तर घेतोच, शिवाय झाड कसं मरेल याचीही सोय करून देतो. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

विक्रेत्याने अर्थातच हात वर केले. आधी म्हणाला, मुळाशी पाणी साचलं असेल. मग म्हणाला, हमी महिनाभराचीच होती. शेवटी उत्तरंच बंद झाली.

ताडाची गोष्ट तर आणखी शिकण्यासारखी आहे. ताडाच्या कोवळ्या रोपाला पंख्यासारखं पान येतच नाही, आधी गवतासारख्या साध्या लांब पट्ट्या येतात. त्या अवस्थेत वेगवेगळ्या जातींची रोपं भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत, आणि विकतात ती नेमकी त्याच अवस्थेत. माझं रोप भराभर वाढू लागलं. ट्रॅकिकार्पस सुरुवातीला संथ असतो, म्हणून हा वेग पाहून शंका आली. पुढे पंखा उमलला आणि देठाच्या दोन्ही कडांना आकड्यासारखे वळलेले, हाताला ओरखडे काढणारे काटे दिसले. ट्रॅकिकार्पसच्या देठाला बोट फिरवल्यावर जाणवतील एवढेच बारीक दाते असतात. माझ्याकडे आलेला वॉशिंग्टोनिया रोबस्टा होता, कोरड्या आणि उबदार भागातला. थोडीशी थंडी तो सोसतो, पण ओला, लांबलेला, गोठणारा हिवाळा त्याला झेपत नाही. तो आता कुंडीत आहे, हिवाळ्यात आत येतो.

हे सगळं एका गोष्टीमुळे चालतं. थंडी सोसण्याचा दावा खरा की खोटा, हे हिवाळा गेल्याशिवाय कळतच नाही. वसंतात विकलेल्या रोपाची परीक्षा पुढच्या वसंतात होते, तोवर हमी संपलेली असते. शिवाय हिवाळ्यात झाड मेलं की शंभर कारणं देता येतात: निचरा, वारा, आच्छादन, पाणी. खरेदीदारही बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो. विक्रेत्याच्या पानावरचे अभिप्राय तपासा. 'छान पॅकिंग', 'लवकर मिळालं', 'रोप टवटवीत', सगळे रोप हाती आलं त्याच आठवड्यातले. झाड मेल्यावर परत येऊन लिहिणारा विरळा. असे पाच तारे थंडीबद्दल काहीही सांगत नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यातला फोटो टाकून कुणी लिहिलं असेल तर तेवढ्यावरच विश्वास ठेवा.

दुसरं हत्यार आकड्यांचं. 'झोन ८ पर्यंत चालते' असं ठळक छापतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचे हे झोन दर हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवर ठरतात. २०२३ च्या नकाशात १९९१ ते २०२० ची सरासरी आहे. झोन ८ म्हणजे साधारण उणे १२ ते उणे ७ अंश सेल्सियस. पण सरासरी म्हणजे काही हिवाळे त्याहून खाली जाणारच. थंडी एक रात्र राहते की तीन आठवडे, माती कोरडी आहे की चिखल, उन्हाळ्यात ऊब किती मिळते, हे झोनचा आकडा सांगत नाही. आणि कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते, तिथे हाच आकडा फारच आशावादी ठरतो. नुसता झोन सांगणाऱ्याला विचारा: कंद जगतो, खोड जगतं की पानंही जगतात? बास्जूच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. जाणता माणूस लगेच सांगतो, भामटा पुन्हा तोच आकडा म्हणतो.

बियांचा धंदा तर उघड लुबाडणूक आहे. त्याच विक्रेत्याकडे 'निळ्या केळीच्या बिया' होत्या, आणि माझ्या एका मैत्रिणीने त्या घेतल्या. निळी केळ खरोखर असते. ब्लू जावा नावाच्या प्रकाराची कच्ची फळं रुपेरी निळसर दिसतात आणि पिकल्यावर पिवळी होतात. पण फळासाठी लावतात त्या बहुतेक केळी त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या, म्हणून वांझ असतात. ब्लू जावाही त्यातलीच. त्यांची लागवड मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांपासूनच होते. बी धरत नसेल तर पाकिटात काय होतं? बारीक, तपकिरी, खसखशीएवढे दाणे. रानकेळीचं बी काळं, कठीण, वेडंवाकडं, मिरीच्या आसपासच्या आकाराचं असतं. मैत्रिणीच्या कुंडीत जे उगवलं त्याला केळीचं पान कधीच आलं नाही. ब्लू जावाचं बी विकणारा कुणीही असो, तो फसवतोच आहे.

मला आलेल्या पार्सलवर आतला माल 'खेळणी' असा लिहिलेला होता, हेही सांगायला हवं. रोपं सीमेपलीकडून आणायची तर बहुतेक देशांत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते टाळायची ही युक्ती. केळीचा पनामा मर रोग बाधित मुनव्यांतून आणि मातीतून पसरतो, आणि त्याची बुरशी मातीत दशकानुदशकं टिकते. असं पार्सल आलं तर रोप लावू नका, माती झटकून बागेत टाकू नका. पाकीट बंद ठेवून आपल्या भागातल्या वनस्पती संगरोध (प्लांट क्वारंटाइन) कार्यालयाला कळवा. मी कळवलं तेव्हा त्यांनी पार्सलचं लेबल आणि पाकिटाचे फोटो मागून घेतले.

रोप आलं की त्याच दिवशी पानाची खालची बाजू, देठाच्या कडा, बुंधा आणि मुळं यांचे जवळून फोटो काढा, तारीख दिसेल असे. ताडाचं रोप असेल तर मुळाशी जुनं बी चिकटलेलं आहे का पाहा: ट्रॅकिकार्पसचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, वॉशिंग्टोनियाचं लहान आणि गोलसर. शंका आली तर हिवाळ्याची वाट पाहू नका. 'दिलेल्या नावाचं रोप नाही' एवढीच तक्रार करा, 'रोप मेलं' अशी नको. मेलेल्या रोपावर वाद घालता येतो, चुकीच्या नावाच्या फोटोवर घालता येत नाही. पैसे ज्या माध्यमातून दिले तिथे तक्रारीची मुदत किती आहे तेही लगेच पाहून ठेवा. आणि आधीच कुणाची केळ गेली असेल, तर कुजलेला कंद फेकण्याआधी त्याचाही फोटो घ्या, पावतीसोबत ठेवा आणि विक्रेत्याच्या पानावर अभिप्राय म्हणून टाका.