स्क्रिप्टमधले पासवर्ड सिस्टमडी-क्रेड्सकडे दिल्यावर: उन्हाळा-पावसाळ्यानंतरचा अनुभव

नागपुरात मे महिन्यात लाइट गेली की यूपीएस किती वेळ तग धरेल याचा नेम नाही. मध्यरात्री सर्व्हर बंद पडतो, लाइट आली की आपोआप सुरू होतो, पण पासफ्रेज टाइप करायला तिथे कोणी नसतं. जीपीजी-एजंटच्या (पासफ्रेज एकदा घेऊन लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) भरवशावरचा बॅकअप इथेच अडतो. सिस्टमडी-क्रेड्स, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीचं पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवणारं साधन, मात्र कोणाचीही वाट न पाहता चालतं, आणि आमच्या दृष्टीने हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आधी सिस्टमडीचं व्हर्जन बघा. एन्क्रिप्टेड क्रेडेन्शियल (पासवर्ड, टोकन अशा गुप्त गोष्टी) २५० पासून मिळतात. उबुंटू २२.०४ मध्ये २४९ आहे, म्हणजे तिथे आशा सोडा. डेबियन १२ (२५२) आणि उबुंटू २४.०४ (२५५) वर बिनधास्त वापरा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या जुन्या साधनातून) हे चालत नाही, सर्व्हिस आणि टायमर लिहावेच लागतात.

मायएसक्यूएल डेटाबेसच्या बॅकअपसाठी नुसता पासवर्ड ठेवू नका. 'क्लायंट' विभाग, यूजर आणि पासवर्ड अशी अख्खी कॉन्फिग फाइलच एन्क्रिप्ट करा. सर्व्हिस सुरू असेपर्यंत ती क्रेडेन्शियल डिरेक्टरीत, मेमरीतच, उघडी मिळते. डम्पच्या कमांडला 'डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल' हा पर्याय सगळ्यात आधी द्या, नंतर दिला तर चालत नाही. मग पीएसच्या, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या कमांडच्या, यादीत पासवर्ड दिसत नाही. पासवर्डमध्ये # असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर # पासून पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं, १०४५ (प्रवेश नाकारला) एरर येते आणि माणूस उगाच परवानग्या तपासत बसतो.

नुसता टोकन ठेवायचा असेल तर शेवटच्या न्यूलाइनकडे लक्ष द्या. शेलमध्ये कॅटचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेताना ती गळून पडते, पायथनच्या रीडमध्ये तशीच राहते. एकच टोकन एका स्क्रिप्टमध्ये चालतो आणि दुसरीत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. एन्क्रिप्ट करताना दिलेलं नावही फाइलच्या आत बांधलेलं असतं, त्यामुळे फाइल दुसऱ्या नावाने लोड केली की डिक्रिप्शन नाकारलं जातं. सर्व्हिस २४३ कोड देऊन पडली, तर आधी हेच तपासा.

टीपीएम (मदरबोर्डवरची सुरक्षा चिप) असलेल्या मशीनवर एन्क्रिप्शनची किल्ली आपोआप त्याच्याशीही बांधली जाते. चोरीला गेलेल्या डिस्कपासून त्याने चांगलं संरक्षण मिळतं, पण मदरबोर्ड बदलला की त्या फाइली कायमच्या गेल्या. मूळ पासवर्ड कीपासएक्ससीसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये वेगळा ठेवाच. टीपीएम नसेल तर किल्ली डिस्कवरच, व्हार-लिब-सिस्टमडीमध्ये असते; पूर्ण डिस्कच्या बॅकअपमध्ये ती आणि क्रेडेन्शियल एकत्र गेली, तर एन्क्रिप्शनला काही अर्थ उरत नाही.

रूट (मशीनचे सगळे अधिकार) मिळवलेल्या माणसापासून याने काहीच वाचत नाही, हे आधीच मान्य करून चाला. आणि स्क्रिप्टमध्ये 'सेट -एक्स' (प्रत्येक कमांड छापणारा पर्याय) राहिलं, तर टोकन थेट जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, छापला जातो. त्याऐवजी 'सेट -यू' ठेवा. स्क्रिप्ट कोणी हाताने चालवली तर क्रेडेन्शियल डिरेक्टरीचं व्हेरिएबल सेटच झालेलं नसतं, आणि ती भलतीकडे फाइल शोधण्याऐवजी तिथेच थांबते.