मेंडेल्सनची 'इटालियन' सिंफनी : आठ महिने ऐकल्यावर

रेकॉर्डिंग निवडताना आधी पहिल्या ट्रॅकची, म्हणजे सिंफनीच्या चारपैकी पहिल्या भागाची, लांबी बघा. साडेदहा-अकरा मिनिटं असेल तर बिनधास्त घ्या. आठच्या आसपास असेल, तर या भागातला सुरुवातीचा मोठा तुकडा पुन्हा वाजवायचा असतो, ती पुनरावृत्ती गाळलेली आहे. एरवी त्याने फारसं बिघडत नाही, इथे बिघडतं. सुरुवातीकडे वळण्यासाठी मेंडेल्सनने (एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार) वीसहून जास्त बार (तालाची छोटी आवर्तनं) वेगळे लिहिलेत, ते कानावर पडतच नाहीत. त्यातली ओबो या फुंकवाद्याची धून भागाच्या शेवटी परत येते आणि आधी ओळख झालेली नसेल तर उपरी वाटते. जुन्या रेकॉर्डिंगांत ही कात्री सर्रास चाललेली दिसते.

हा भाग 6/8 तालात, म्हणजे बारला सहा छोट्या मात्रांत, आहे, पण दादऱ्यासारख्या सहा मात्रा मोजत बसलात तर दमाल. बारला दोनच ठोके धरा. व्हायोलिनच्या खाली फुंकवाद्यांचे एकाच सुराचे झरझर ठोके चालू असतात. ते सुटे ऐकू आले तर वादन चांगलं. क्लॅरिनेटवाल्यांची जीभ इथेच अडखळते.

दुसऱ्या भागात ओबो, बसून (bassoon, खर्जातलं फुंकवाद्य) आणि व्हियोला (व्हायोलिनची थोरली बहीण) मिळून धून गातात, खाली चेलो-बास ही खर्जातली तंतुवाद्यं पावलं टाकत राहतात. मोबाइलच्या स्पीकरवर ही पावलं जवळजवळ गायब होतात, मग भाग कंटाळवाणा वाटतो. दोष संगीताचा नाही, हेडफोन लावा. तिसरा भाग पहिल्या महिन्यात नुसताच गोड वाटतो. त्याच्या मधल्या तुकड्यातले दोन हॉर्न मात्र जुने होत नाहीत.

शेवटचा भाग म्हणजे साल्तारेलो, रोमकडचा उड्यांचा नाच. मध्येच न थांबता धावणारी तारांतेला घुसते, ती दक्षिण इटलीची. कंडक्टरने वेग अती ताणला की उडी सपाट होते आणि दोन्ही नाच एकसारखेच वाटतात. सिंफनीची सुरुवात ए मेजर या उजळ स्वररचनेत, शेवट ए मायनर या उदास स्वररचनेत; तरी आपण लिहिलेल्यांत हीच सर्वांत आनंदी, असं खुद्द मेंडेल्सनचं मत!

1830-31 च्या इटली प्रवासात सुचलेली ही सिंफनी 1833 मध्ये लंडनला वाजली. पण त्याचं समाधान झालं नाही. 1834 मध्ये शेवटचे तीन भाग त्याने बदलले, तरी हयातीत काही छापू दिलं नाही. 1851 मध्ये, मृत्यूनंतर, ती छापली गेली, म्हणून नंतर पुरी झालेल्या त्याच्याच 'स्कॉटिश' सिंफनीचा क्रमांक तीन आणि हिचा चार. बदललेले भाग कंडक्टर गार्डिनरने व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत रेकॉर्ड केलेत. कुतूहल म्हणून ऐका, रोजच्या ऐकण्याला 1833 चीच बरी.