वेळासचा कासव महोत्सव आणि होमस्टे : कासव दिसलं नाही म्हणून एक स्टार देऊ नका

मार्चच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कोकणातल्या वेळासला, समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला जाऊन आलो, मी, बायको आणि आठ वर्षांची लेक. माझ्याकडून पाचपैकी पाच. जायच्या आधी रिव्ह्यू चाळले तर काहींनी एकच स्टार दिलेला, कारण काय तर एवढ्या लांब जाऊन पिल्लू दिसलं नाही. त्यांच्यासाठीच हे जरा सविस्तर लिहितोय.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला गेलो, तिथून गाडी फेरीबोटीत घालून वेश्वीला उतरलो. खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका. गाव छोटंसं, नारळी-पोफळीच्या वाड्या, नाना फडणवीसांचं गाव म्हणूनही लोक ओळखतात. हॉटेल वगैरे शोधू नका, गावातल्या घरांमध्येच राहायचं. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी ओटी आणि माजघरालगतची खोली दिली होती, गाद्या जमिनीवर, बाथरूम मागच्या अंगणात. एसी नाही, पण सगळं स्वच्छ. जेवण शाकाहारी, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, आणि रविवारी दुपारी उकडीचे मोदक, एवढे मऊ की लेकीने चार खाल्ले.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी संध्याकाळी ६ ला सगळे किनाऱ्यावर जमलो, घरापासून पंधरा-वीस मिनिटं चालत. जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी आहे, म्हणजे किनाऱ्यावरून आणलेली कासवांची अंडी पिल्लं निघेपर्यंत जपायची जागा, आत प्रत्येक घरट्यावर टोपली उपडी घातलेली आणि बाजूला पाटी, अंडी कधी मिळाली, किती होती. कासवमित्र, म्हणजे कासवांची राखण करणारे दादा, एकेक टोपली उचलून बघत गेले आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे, पण त्या दिवशी एकाही टोपलीखाली काही नाही. लेक रडवेली झाली. मागे एक ग्रुप होता, त्यांना कुठल्याशा टूरवाल्याने 'गॅरंटीड' सांगून आणलेलं, ते दादांशीच वाद घालायला लागले आणि मला फार वाईट वाटलं, कारण हा माणूस थंडीपासून रात्री-पहाटे किनारा तुडवतोय, मादीच्या पावलांचा माग काढून घरटं शोधतोय, अंडी जपून काढून हॅचरीत तेवढ्याच खोल, मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतोय. पिल्लू कधी बाहेर येणार हे वाळूच्या उबेवर आहे, साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस, त्याची तारीख कोण देणार?

रात्री माहितीचा कार्यक्रम झाला आणि लेकीचा मूड तिथे बदलला. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडाचा सर्व्हे करत इथे आली, तेव्हा कळलं की ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात आणि ती अंडी माणसं नाहीतर कोल्ही-कुत्री पळवतात. मग गावातल्याच लोकांना सोबत घेऊन संरक्षण सुरू झालं आणि २००६ पासून महोत्सव. म्हणजे आपण राहण्या-जेवण्याचे जे पैसे देतो ते गावातच राहतात, आणि जिथे अंडी चोरीला जायची तिथे आज गावच राखण करतं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त आणि गार राहिली तर नर जास्त, हे ऐकून लेकीने हातच वर केला, "मग उन्हाळा वाढला तर सगळ्या मुलीच होणार का?" आणि दादांनी तिला मोठ्या माणसासारखं उत्तर दिलं, हो, म्हणूनच तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. जानेवारी २०२२ मध्ये इथल्याच एका मादीला सॅटेलाइट टॅग (ती समुद्रात कुठे जाते ते उपग्रहावरून कळावं म्हणून लावायचं यंत्र) लावून तिचं नाव प्रथमा ठेवलं, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची अशी ती पहिलीच ऑलिव्ह रिडले. किनाऱ्यावर अंडी घालून ही कासवं जातात कुठे हे आधी नीट माहीतच नव्हतं.

रविवारी सकाळी ७ ला परत गेलो. तिसरी की चौथी टोपली उचलली आणि खाली काळी काळी अकरा पिल्लं! तळहातावर मावतील एवढीशी. पाण्यापासून थोडं लांबच वाळूवर सोडली, उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत, ती स्वतः चालत गेली पाहिजेत. आम्ही दोरीच्या मागे. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं, उलटं पडलं, परत सरळ होऊन चालायला लागलं आणि सगळा किनारा गप्प झाला. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, दोन मुक्काम ठेवा म्हणजे चार वेळा किनाऱ्यावर जाता येतं. रोख पैसे न्या. फ्लॅश मारू नका, पिल्लांना हात लावू नका, दोरी ओलांडून सेल्फी काढणारे तीन-चार जण होते आणि एका पिल्लावर पाय पडता पडता वाचला, अशांना तिथल्या तिथे टोका, सगळं त्या दादांवर सोडू नका.

निघताना काकूंनी लेकीला आमसुलांची पुडी दिली आणि तिने काकूंना, शनिवारी आम्ही ज्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबलो होतो त्या घरट्याचा नंबर लिहून दिला. गुरुवारी काकूंचा मेसेज आला, त्यातून बासष्ट निघाली.