शेजारच्या तळघराचे खोदकाम आणि आधाररचनेची तपासणी : जळगावातील एका सल्लासेवेचा अनुभव

जुन्या जळगावात आमच्या घराला लागून असलेल्या प्लॉटवर तळघरासाठी सुमारे ४ मीटर खोदकाम ठरले, तेव्हा खड्ड्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणून उभारायच्या आधाररचनेचे बिल्डरने दाखवलेले नकाशे आम्ही एका स्वतंत्र भू-तांत्रिक (माती आणि पाया यांच्या) सल्लागारांकडून तपासून घेतले. आमच्या भिंती मातीच्या जुडाईतील विटांच्या आणि पाया उथळ असल्याने हा खर्च टाळण्याजोगा नव्हता.

नकाशात जमिनीत रोवलेले लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये फळ्या आणि वरच्या बाजूला कोणताही टेका नाही, अशी रचना होती. ती कोसळणार नाही एवढे हिशेबातून दिसत होते. सल्लागारांनी मात्र ती किती झुकेल, हे विचारले. फक्त तळाशी धरलेला खांब वरच्या टोकाला सर्वाधिक सरकतो आणि आमचा पाया नेमका त्याच पातळीवर आहे. म्हणजे आधार शाबूत राहूनही आमच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. हा एक प्रश्न विचारला गेला, यातच या सेवेचे खरे मोल आहे, असे माझे मत आहे. त्यांनी वरच्या अंगाला आडवे टेके सुचवले आणि तळघराचा स्लॅब पुरेसा पक्का होईपर्यंत ते काढू नयेत, असे स्पष्ट लिहून दिले.

दुसरा आक्षेप पाण्याचा होता. हिशेबात माती कोरडी धरली होती. परंतु आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी खोलवर उतरते. साचलेल्या पाण्याचा दाब दर मीटर खोलीला प्रति चौरस मीटर सुमारे १ टनाने वाढतो. त्यामुळे फळ्यांमागून पाण्याला वाट ठेवावी, पण बारीक माती वाहून जाऊन पायाखाली पोकळी होऊ नये म्हणून तेथे गाळणीचा थर द्यावा, अशी दुरुस्ती त्यांनी केली. टेक्यांऐवजी आमच्या घराखालून अँकर (आधाराला मागून ओढून धरणारे, जमिनीत रुतवलेले लोखंडी ताण) नेण्याचा बिल्डरचा पर्याय आमच्या लेखी संमतीशिवाय चालणार नाही, हेही त्यांनी नोंदवले. (१८८२ च्या ईझमेंट (दुसऱ्याच्या मिळकतीवरील सुविधेचा हक्क) कायद्याच्या कलम १५ नुसार इमारतीला शेजारच्या जमिनीचा आधार २० वर्षे शांततेने, अखंड आणि ईझमेंट म्हणून मिळाला असल्यास तो हक्क पक्का होतो. जुन्या घरमालकांनी हे माहीत करून घ्यावे.)

खोदकामापूर्वी प्रत्येक खोलीतील तड्यांची छायाचित्रे आणि मोजमापे घेण्याचे काम त्यांनी काळजीपूर्वक केले.

अहवालात दोन उणिवा राहिल्या. तो पूर्णपणे इंग्रजीत होता. घरातील वडीलधाऱ्यांना त्यातील मुद्दे तोंडी समजावून सांगावे लागले. त्याहून गंभीर म्हणजे, भिंत ठरलेल्या मर्यादेपलीकडे सरकल्यास काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे पहिल्या प्रतीत नव्हते. आम्ही विचारल्यावर सुधारित प्रतीत ते आले. ही सेवा घेणाऱ्यांनी तो मजकूर आणि त्याखाली बिल्डरची सही, दोन्ही जेसीबी प्लॉटवर येण्याआधीच मिळवावीत.