एअर रायफलची बिल्ड क्वालिटी पॉलिशवरून कळत नाही, दहा मीटर शूटिंगवाल्यांसाठी माझा रिव्ह्यू

नवीन रायफल हातात आली की सगळे एकच करतात, वजन जोखतात, बॅरलच्या काळ्याभोर पॉलिशवरून बोट फिरवतात आणि "काय सॉलिड आहे यार" म्हणून मोकळे होतात. माझी पहिली मॅच रायफल मी पण अशीच घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, पण दिसायला एक नंबर होती, लॅमिनेट स्टॉक, सगळे नॉब ॲल्युमिनियमचे, कुठे एक ओरखडा नाही. आणि जवळजवळ वर्षभर तिने मला छळलं.

व्हायचं काय, तर सलग मारत असलो की छर्रे एका भोकात जायचे, आणि मध्ये चार-पाच मिनिटं थांबून श्वास-बीस घेऊन परत खांद्याला लावली की पहिला छर्रा हमखास वर. मला वाटायचं माझीच पोझिशन मोडतेय, ब्रेकनंतर गाल नीट बसत नाहीये. महिनोन् महिने होल्डिंगच, म्हणजे रायफल स्थिर धरायचा सराव, करत बसलो. शेवटी कोचने रायफल शिकंज्यात आवळली आणि छर्र्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. सलग मारताना स्पीड १६८ मीटर पर सेकंदच्या आसपास, पाच मिनिटं थांबून मारलं की १७६. म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर दाब धरून ठेवत नव्हता, रायफल नुसती पडून असताना आतला दाब हळूहळू चढत होता. एवढ्या फरकाने दहा मीटरवर छर्रा दीड मिलिमीटर वर जातो, आणि आपल्या टार्गेटवरचा दहाचा ठिपकाच अर्धा मिलिमीटरचा, त्यामुळे डेसिमल (दशांशातल्या) स्कोअरमध्ये अर्ध्या पॉइंटाहून जास्त तिथेच गेला. आणि हे बाहेरून कुठेच दिसत नव्हतं हो!

तेव्हापासून मी रायफलकडे बघताना एकच प्रश्न विचारतो, ही प्रत्येक वेळी होती त्याच जागेवर परत येते का? साईट, ट्रिगर, हॅमर, रेग्युलेटर, गालपट्टी, सगळ्यांना हाच प्रश्न. बाकी चकाकी नंतर.

साईटचं तपासायला सगळ्यात सोपं. पाच छर्रे मारा, मग मागची डायॉप्टर (बारीक छिद्रातून बघायची साईट) वीस क्लिक उजवीकडे आणि वीस क्लिक परत डावीकडे फिरवून पुन्हा पाच मारा. चांगल्या साईटवर दुसरा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पहिल्यावरच बसतो. हलक्या साईटमध्ये स्क्रूच्या आट्यांत ढिलाई असते, तुम्ही वीस फिरवता आणि ती सतराच सरकते, आणि मॅचमध्ये लाईट बदलल्यावर दोन क्लिक द्यायचे म्हटलं तर तुमचा भरवसाच उडालेला असतो.

ट्रिगरवर मात्र वेळ घालवा. आधी रायफल रिकामी आहे ना ते स्वतः बघा, मग ड्राय फायर (छर्र्याशिवाय ट्रिगर दाबायच्या) मोडवर टाका आणि डोळे मिटून पन्नास वेळा दाबा. पहिली स्टेज लोण्यासारखी मागे यायला हवी, मग एक स्पष्ट भिंत लागायला हवी, आणि त्या भिंतीवर किंचित वजन वाढवलं की काच तुटावी तसा सुटायला हवा. भिंत लागल्यावरही बोट सरकतंय, करकरतंय, किंवा दहातून एकदा आधीच सुटतोय, तर आतल्या सीअरचं (ट्रिगर दाबला की सुटणाऱ्या खटक्याचं) मशिनिंग कच्चं आहे समजा. शंभरेक ग्रॅमवर सेट केलेला ट्रिगर महिन्यानंतरही शंभरवरच पाहिजे. स्पोर्टिंग एअर रायफलमध्ये वायराख कंपनीच्या 'रेकॉर्ड' ट्रिगरचं लोक इतकी वर्षं नाव काढतात ते उगाच नाही, साधी स्प्रिंगवाली रायफल असूनही भिंत स्वच्छ कळते.

बॅरलबाबत लोक फॅक्टरीच्या टेस्ट कार्डवर, म्हणजे तिथे मारून दिलेल्या ग्रुपच्या कार्डवर, फार विसंबतात. कार्ड चांगलंच आहे, पण ते शिकंज्यात मारलेलं असतं आणि त्यांच्याकडच्या छर्र्यांच्या एका बॅचने. तुमच्या डब्यातले छर्रे त्या बॅरलला आवडतीलच असं नाही, छर्र्याचं डोकं ४.४९ मिलिमीटरचं की ४.५० चं, एवढ्यानेसुद्धा ग्रुप बदलतो. मी एक छर्रा रॉडने अगदी सावकाश बॅरलमधून ढकलून बघतो. हाताला लगेच कळतं, चांगल्या बॅरलमध्ये तो सुरुवातीपासून एकसारखा सरकतो आणि तोंडाजवळ जरासा घट्ट होतो, तो चोक मुद्दाम दिलेला असतो. मध्येच सैल, मध्येच अडकल्यासारखं लागलं तर त्या कंपनीची पॉलिश कितीही चमकू दे.

आता कंपन्यांचं. क्लबमध्ये फाईनवेर्कबाऊ कंपनीची एक जुनी ३००एस रायफल आहे, सत्तरच्या दशकातलं डिझाईन. स्टॉकचं वार्निश उडालेलं, गालाच्या जागी लाकूड घामाने काळं पडलेलं. साईड लिव्हर ओढली की स्प्रिंग बसल्याचा एकच जाड आवाज येतो, आणि ट्रिगर सुटला की अख्खी ॲक्शन बॅरलसकट रुळांवरून किंचित मागे सरकते, म्हणून खांद्याला धक्का जवळजवळ लागतच नाही. किती मुलं शिकली असतील तिच्यावर! मध्ये सील बदलले, स्प्रिंग बदलली, पण ती ॲक्शन आजही त्याच रुळांवर तशीच सरकते, ना डावीउजवीकडे हलते ना अडते. सरकणारा भाग इतक्या वर्षांनी ढिला होत नाही याला मी बिल्ड क्वालिटी म्हणतो.

वाल्थर, आन्शुट्झ आणि वायराख ही तिन्ही नावं मुळात जर्मनीतल्या झेला-मेहलिस या एकाच गावातली, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिले दोघे उल्मला गेले आणि वायराख मेलरिखश्टाटला. तिघांच्या आतल्या कामात तो जुना हात दिसतो असं मला नेहमी वाटतं. आन्शुट्झ पॉइंट टू टू मध्ये (काडतुसाच्या .२२ रायफलमध्ये) जास्त आवडते, त्यांच्या ५४ ॲक्शनचा बोल्ट बंद करताना जो गुळगुळीतपणा आहे तो एकदा हाताला लागला की दुसरं काही पटत नाही. स्टायर कंपनीच्या रायफलचा ट्रिगर मला फार आवडतो, आणि वाल्थर एलजी४०० मध्ये ॲडजस्टमेंट इतक्या आहेत की नवख्याने कोच शेजारी असल्याशिवाय नॉबला हात लावू नये. खरं सांगायचं तर वरच्या रेंजमध्ये या चौघापाचांपैकी कुठलीही घ्या, फरक तुमच्या शरीराला कुठला स्टॉक बसतो याचाच असतो. ढिलाई सापडते ती बहुतेक वेळा खालच्या रेंजमध्ये, बाहेरून मॅच रायफल आणि आत सामान्य पार्ट असला माल असतो तिथे.

स्पेअर्सचं आधी विचारा. वीस वर्षं जुन्या मॉडेलचा सील किट कंपनी देते का? देत असेल तर तिला स्वतःच्या कामावर भरवसा आहे.

मी सध्या वापरलेली एलजी४०० चालवतोय, साईट, ट्रिगर, क्रोनोग्राफ सगळ्यात पास झाली म्हणून घेतली. फक्त हवेच्या सिलेंडरवरची तारीख उलटायला आली होती, दहा वर्षांची मुदत असते त्याला आणि ती संपली की मॅचमध्ये चालत नाही, म्हणून पैसे ठरवतानाच नवा सिलेंडर त्यात धरायला लावला. सेकंड हँड बघायला जाल तेव्हा केस उघडल्या उघडल्या आधी ती तारीख वाचा.