एसरेक-कॅट: सात महिने बूटलोडरच्या फाइल्स बनवल्यानंतर

आमचे कंट्रोलर बोर्ड एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपवर चालतात, आत ऑप्टीबूट हा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम घेऊन चिपच्या मेमरीत लिहिणारा छोटा प्रोग्रॅम. साइटवरचा माणूस यूएसबी केबल लावून नवा प्रोग्रॅम टाकतो. त्याच्याकडे जाणारी फाइल मी गेले सात महिने एसरेक-कॅटमधून काढतोय; अशा फाइल्स जोडायचं आणि बदलायचं हे कमांड-लाइन टूल. आधी कंपाइल करून आलेली हेक्स फाइल (पत्ते आणि बाइट ओळीओळीने लिहिलेली) तशीच पाठवायचो.

ते का सोडलं? एकदा अपलोड चालू असताना केबल निघाली. अर्धा प्रोग्रॅम नवा, अर्धा जुना. बोर्ड सुरू झाला, एलईडीही लुकलुकला, आणि रिले भलत्याच वेळी ओढायला लागला. ऑप्टीबूट जेमतेम ५१२ बाइटचा. १२८ बाइटचं एकेक पान घ्यायचं आणि लिहायचं, एवढंच त्याचं काम. प्रोग्रॅम पूर्ण आला का, हे तो बघत नाही. हेक्सच्या प्रत्येक ओळीला चेकसम, म्हणजे चूक पकडायचा आकडा, असतो, मान्य. अगदी शेवटची ओळ घ्या, ":०००००००१एफएफ". त्यातला एफएफ म्हणजे चेकसमच. पण तो त्या ओळीपुरता, आणि तपासला जातो पीसीवर. चिपपर्यंत तो पोचतच नाही.

आता एकाच कमांडमध्ये रिकामी जागा एफएफने (कोऱ्या मेमरीतल्या बाइटने) भरली जाते, सीआरसी-१६, म्हणजे सगळ्या बाइटवरून काढलेला दोन बाइटचा तपासणी आकडा, निघतो आणि ३२,२५४ व ३२,२५५ या पत्त्यांवर बसतो. त्याच्या पुढच्याच बाइटला बूटलोडर सुरू होतो. बोर्ड चालू झाला की प्रोग्रॅम आधी स्वतःचा सीआरसी मोजतो. जुळला नाही तर रिलेला हात लावत नाही. तपासणीचा हा कोड मुद्दाम फ्लॅशच्या (चिपच्या प्रोग्रॅम मेमरीच्या) सुरुवातीला ठेवलाय, कारण पानं खालच्या पत्त्यापासून लिहिली जातात, म्हणजे हा कोड आधी बसतो. तेव्हापासून केबल दोनदा निघाली. दोन्ही वेळा बोर्ड गप्प थांबला, माणसाने पुन्हा अपलोड केलं, विषय संपला. मला एवढंच हवं होतं.

आणखी एक आवडलं. नव्या बोर्डसाठी प्रोग्रॅम आणि बूटलोडर एकत्र जोडताना एकाच पत्त्यावर दोन वेगळे बाइट आले, तर हे टूल एरर देऊन थांबतं. परस्पर एक निवडून मोकळं होत नाही.

त्रासही आहे. फिल्टर (जागा भरणं, सीआरसी काढणं अशा कमांडमधल्या क्रिया) डावीकडून उजवीकडे लागतात; भरण्याआधी सीआरसी लिहिला की मधल्या मोकळ्या जागा हिशेबातून सुटतात. कमांडमध्ये आउटपुटपुढे इंटेल (म्हणजे हेक्सचं स्वरूप) लिहायचं राहिलं तर फाइल मोटोरोला एस-रेकॉर्ड या दुसऱ्याच स्वरूपात येते: नावात हेक्स, आत ओळी 'एस'ने सुरू. माझा पूर्ण दिवस यात गेलाय. शिवाय जागा भरल्यामुळे चिमुकल्या प्रोग्रॅमलाही सगळी २५२ पानं लिहावी लागतात. साइटवर उन्हात उभ्या माणसाला ते जाणवतं.

फाइल पाठवण्याआधी सोबतचं एसरेक-इन्फो मात्र चालवाच. कोणते पत्ते भरलेत ते लगेच दिसतं. ऑब्जकॉपीला (कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममधून फाइल काढणाऱ्या टूलला) ईईप्रॉमचा, म्हणजे चिपमधल्या वेगळ्या डेटा मेमरीचा, भाग वगळायला सांगायचं मी एकदा विसरलो होतो. बिन (नुसत्या बाइटची) फाइल ८ एमबीच्या वर गेली, ३२ केबीच्या चिपसाठी.