ड्रिल मशीनसोबतचे नऊ महिने: आधी भिंत ओळखा

घड्याळ लावायला एक होल मारायचं, तर इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणून चार दिवस गायब. याला कंटाळून गेल्या वर्षी स्वतःचं ड्रिल मशीन घेतलं. ६०० वॅट, १३ मिमी चक (बिट पकडणारा जबडा), वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल, अडीच हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या कुठल्याही मशीनला लागू आहे. नऊ महिन्यांत साठ-सत्तर होलं झाली असतील, त्यातली पहिली दहा बघण्यासारखी नाहीत.

पहिल्याच दिवशी लोखंडाला होल मारायचं बिट (होल पाडणारी सळी) भिंतीत घातलं. दिसायला सगळी बिटं सारखीच. मिनिटभर जोर लावला, भिंतीत जेमतेम खळगा पडला आणि बिटाचं टोक जळून निळं-काळं झालं. भिंतीच्या बिटाला टोकाशी कार्बाइडची आडवी पाती डकवलेली असते आणि ती दांड्यापेक्षा किंचित रुंद असते, हे नंतर दुकानदाराने दाखवलं. मशीनसोबत आलेली बिटं माझ्या बाबतीत कामचलाऊच निघाली. ६ आणि ८ मिमीची दोन चांगली बिटं वेगळी घेतली तेव्हा हे तेच मशीन आहे का असं वाटलं. पैसे वाढवायचेच असतील तर वॅटवर नको, बिटांवर घाला.

दुसरी गोष्ट शिकायला दोन महिने लागले: होलातून पडणारी पूड बघायची. वरचं प्लास्टर संपल्यावर लाल पूड आली की वीट. मग ६ ची गिट्टी (होलात बसवायची, स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी), ६ चंच बिट, हॅमर (फिरताना ठोकेही देणारा मोड) चालू, काम फत्ते. पांढुरकी-राखाडी पूड भसाभस यायला लागली आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, तर तो हलका एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा सच्छिद्र ब्लॉक. बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये सगळ्या भिंती त्याच. तिथे मी सवयीने हॅमर लावला, होल पसरट झालं आणि गिट्टी स्क्रूसकट गोल फिरत राहिली. ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवायचा, बिट गिट्टीपेक्षा एक नंबर लहान घ्यायचं, आणि जड कपाट असेल तर ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी गिट्टी आणायची.

आणि बारीक करडी पूड चिमूटभर येऊन थांबली, तर समजा बीम किंवा कॉलम लागला. इथे या मशीनची मर्यादा कळते. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून ठोके तयार होतात. मिनिटाला हजारो, पण हलके. दातात दात अडकायला थोडा दाब लागतो, म्हणून हॅमरवर हलकं रेटावं लागतं. पण अंगाचा भार टाकला की वेग पडतो आणि मशीन तापतं. रोटरी हॅमर हे काँक्रीटसाठीचं वेगळं, दणकट मशीन; त्याच्या आत दट्ट्या असतो, ठोके कमी पण घणासारखे. वीट आणि काँक्रीट यांना एकच मशीन पुरतं, असं सांगणाऱ्याने बीमला बहुतेक हात लावलेला नसावा.

आता मनगटाची गोष्ट. बाजूचा हँडल "अडचण होते" म्हणून मी डब्यातच ठेवला होता. गच्चीत लोखंडी अँगलला १० चं होल मारत होतो. बिट पलीकडे निघता निघता कडेत अडकलं, आणि बिट थांबल्यावर मशीनच फिरलं. बटण लॉक केलेलं, त्यामुळे बोट काढूनही थांबेना. मनगट पंधरा दिवस दुखत होतं. तेव्हापासून हँडल कायम लावलेला असतो आणि ते लॉकचं बटण मी वापरत नाही. लोखंडाला आधी पंचने (टोकदार हत्यार) हातोडीची टिचकी, मग लहान बिट, मग मोठं. वेग कमी, दोन थेंब तेल, आणि पलीकडे निघायच्या बेतात हात सैल.

चष्मा लावतोच, डोक्यावरचं होल असेल तर नक्कीच. हातमोजे मात्र नाहीत. फिरत्या बिटात कापड गुंडाळलं की बोटंही सोबत जातात. बायकोला वापरायचं असतं तेव्हा ओढणी काढून ठेवते. चकची चावी दोरीने पिनजवळच्या वायरला बांधली आहे, म्हणजे पिन काढल्याशिवाय चावी चकपर्यंत पोचतच नाही. ही युक्ती माझ्या सासऱ्यांची.

स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत होल नाही म्हणजे नाही. शंका असली की त्या खोलीचा एमसीबी पाडतो आणि ड्रिलची पिन दुसऱ्या खोलीतून घेतो. टाइलवर हॅमर बंद, भाल्याच्या टोकाचं बिट, मास्किंग टेप, आणि टाइल पार झाल्यावरच भिंतीचं बिट. पुडीसाठी होलाखाली जुनं पाकीट उघडं चिकटवा, झाडू वाचतो.

तक्रारी? वायर तोकडी, एक्स्टेन्शन लागतंच. जाळीतून बारीक ठिणग्या दिसतात म्हणून घाबरलो होतो, पण मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशवर तेवढ्या पडतातच. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाज बंद, हा दोष मशीनचा नाही.

हॉलमधला पडद्याचा रॉड नेमका बीमवर होता. तीन रविवार झटलो, चौथ्या होलात सळईच लागली; बिट टिणटिण वाजत जागच्या जागी फिरत होतं. शेवटी रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणला आणि इंचभर बाजूला सरकून चारही होलं चहा गार व्हायच्या आत मारली. जुनी होलं पुट्टीने बुजवलीत. पडदा लावलेला असला की दिसत नाहीत.